मोटेचा सोबती तरवड : माळावरून परसात



उन्हाळा तोंडावर आला की आपल्या कार्यक्रमाकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो. विशेषतः आमच्या भगिनी तो विचारतात. "घरापुढं चार फुलझाडं असावीत असं वाटतं, पण प्यायच्या पाण्याची मारामार. मोगरा जळतो, गुलाब जळतो. पाणी न मागणारं, शेळीनं न खाल्लेलं आणि तरी फुलणारं एखादं झाड सांगा."

या प्रश्नाला माझे उत्तर एका शब्दाचे आहे : तरवड.

आता तुम्ही हसाल. म्हणाल, "साहेब, तरवड काय लावायचा? तो तर माळावर आपोआप येतो." मीही एके काळी असाच हसलो होतो. त्या हसण्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागली. ती हकीकत आधी सांगतो. मग या झुडपाचा इतिहास सांगतो, आणि शेवटी परसात ते कसे लावायचे तेही सांगतो. पत्रिका जपून ठेवा, म्हणजे जून महिन्यात उपयोगी पडेल.

माझी चूक

नोकरीचे पहिलेच वर्ष होते. कॉलेजातून पदवी घेऊन नुकताच बाहेर पडलो होतो, त्यामुळे सगळे काही येते असे वाटायचे. एका गावी शेतीशाळेला गेलो. ज्या दादांच्या शेतावर आम्ही जमलो होतो, त्यांच्या उताराकडच्या बांधावर तरवडाची दाट रांग होती. मी म्हणालो, "दादा, हे रान कशाला ठेवलंय? बांध स्वच्छ ठेवा, किडीला आसरा मिळतो." किडीचा मुद्दा गाजर गवताच्या आणि इतर तणांच्या बाबतीत खरा आहे. पण बांधावर काय उभे आहे, ते का उभे आहे, हे मी पाहिलेच नाही. त्या भल्या माणसाने माझा शब्द मानला. यंत्र लावून सगळे तरवड मुळासकट उपटले आणि पेटवून दिले.

पुढच्या पावसाळ्यात एका रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला. बांध तीन ठिकाणी फुटला. वरच्या पट्टीतली काळी माती ओढ्याला गेली आणि खाली मुरूम उघडा पडला. मी पाहायला गेलो तेव्हा दादा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, तुमच्या शब्दावर बांध उघडा केला."

त्यांच्या घरी ओसरीवर त्यांच्या आजी बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी मला जवळ बोलावले आणि म्हणाल्या, "लेकरा, तुला ठाऊक नसंल. आमच्या हिरीचं पाणी त्या झाडानं काढलंय."

मला वाटले, म्हातारपणी बोलण्यात काही इकडचे तिकडे होत असेल. झाड पाणी कसे काढणार? पण घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. जुनी पुस्तके उघडली, म्हाताऱ्या माणसांना विचारले. आजींचा शब्द न् शब्द खरा निघाला.

मोट आणि तरवडाची साल

आज विहिरीवर बटण दाबले की पाणी येते. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या पुष्कळ विहिरींवर मोट चालत होती. बैलांची जोडी धावेवरून खाली उतरे, नाडा ताणला जाई, चाक कुरकुरे, आणि भरलेली मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी होई. सोंदूर ढिला केला की मोटेची सोंड पाणी ओती. दिवसभर हेच चाले, तेव्हा कुठे ऊस-भाजीला पाणी मिळे.

ही मोट कातड्याची असे. आता विचार करा. कच्चे कातडे पाण्यात टाकले तर चार दिवसांत कुजते, घाण सुटते. उन्हात वाळवले तर लाकडासारखे कडक होते. मग रोज शेकडो वेळा पाण्यात बुडून वर येणारी मोट टिके कशी? टिके ती कातडे कमावल्यामुळे, आणि कातडे कमावले जाई झाडांच्या साली वापरून.

काही झाडांच्या सालींत एक तुरट द्रव्य असते. हिरडा तोंडात धरला की जीभ आवळल्यासारखी होते ना, तेच हे द्रव्य. शास्त्रात त्याला टॅनिन म्हणतात. कातड्याच्या तंतूंना हे द्रव्य घट्ट बिलगते. मग ते कातडे कुजत नाही आणि लवचीकही राहते. तरवडाच्या वाळलेल्या सालीत हे द्रव्य साधारण १८ ते २० टक्के असते. एवढ्याशा झुडपाच्या मानाने हे प्रमाण मोठे आहे.

गावोगावचे ढोर आणि चर्मकार कारागीर हे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आले. कातडे आधी चुन्याच्या पाण्यात ठेवायचे, म्हणजे केस सुटतात. मग खरवडून, धुऊन स्वच्छ करायचे. त्यानंतर कुटलेल्या सालीच्या पाण्यात ते मुरवायचे. पुष्कळ ठिकाणी कातडे पिशवीसारखे शिवून, त्यात सालीचा चुरा आणि पाणी भरून टांगून ठेवीत. पाणी झिरपत झिरपत कातड्यात उतरे. खाली गळलेले पाणी पुन्हा वर ओतायचे. किती दिवस, किती वेळा, हे कारागिराच्या बोटांना कळे. कामाला वास मारी, म्हणून गाव त्यांना वेशीबाहेर ठेवी. पण त्यांच्याच हातच्या मोटेने काढलेले पाणी सगळ्या शिवाराला चाले. ही गोष्ट आपण विसरू नये.

ही साल दोन झाडांची प्रामुख्याने असे, बाभळीची आणि तरवडाची. बाभळीच्या सालीने कातडे जाड, कडक आणि गडद रंगाचे होते. तरवडाच्या सालीने ते मऊ, लवचीक आणि उजळ होते. तरवडाने कमावलेल्या कातड्यात मात्र एक खोड असते. उन्हात ते तांबडे पडते. त्यावर उपाय म्हणून शेवटी हिरड्याच्या पाण्यात ते बुडवून काढीत. तरवड आपल्या कोरड्या माळावरचा, हिरडा सह्याद्रीच्या रानातला, आणि दोघांची गाठ पडे ती कारागिराच्या कुंडात.

इंग्रजी अमदानीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांची गॅझेटियरे निघाली. त्यांत दख्खनच्या जिल्ह्यांच्या झाडझाडोऱ्यात तरवडाचे नाव आढळते, कातडे कमावण्याच्या सालीसाठी. म्हणजे आपण ज्याला रान म्हणून पेटवतो, ते तेव्हा सरकारी पुस्तकात नोंद घेण्याजोगे उत्पन्न होते.

नाव कोणी दिले

युरोपातील वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५३ साली जगातल्या माहीत असलेल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात तरवडाला 'कॅसिया ऑरिक्युलाटा' हे नाव आहे. ऑरिक्युलाटा म्हणजे कानवाला. तरवडाची डहाळी हातात घेऊन बघा. पानाचा देठ जिथे फांदीला चिकटतो, तिथे दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखी हिरवी पाने दिसतात. त्या कानांवरून हे नाव पडले. पुढे कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख राहिलेले रॉक्सबर्ग यांनी त्याला 'सेन्ना' या गटात घातले. त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १८३२ साली बाहेर आला. म्हणून जुन्या पुस्तकांत तुम्हाला कॅसिया दिसेल, नव्या पुस्तकांत सेन्ना. झाड एकच.

नाव परदेशी शास्त्रज्ञांनी दिले, तरी झाड इथलेच आहे. भारत आणि श्रीलंका हे त्याचे मूळ घर. गुजरातेत त्याला आवळ म्हणतात, तमिळनाडूत आवारम्, तेलुगू मुलखात तंगेडु, कर्नाटकात तंगडी. श्रीलंकेत ते रणवरा आहे आणि तिथे त्याच्या फुलांचा चहा करून पितात. जिथे जिथे पाऊस कमी आणि माती हलकी, तिथे तिथे त्याला घरचे नाव आहे. घरचे नाव परक्याला मिळत नाही.

साल सातासमुद्रापार

दक्षिणेकडे, जुन्या मद्रास इलाख्यात, तरवडाच्या सालीवर मोठा धंदा उभा राहिला. एकोणिसाव्या शतकात तिथे गावोगावी आणि शहरांत कातडी कमावण्याचे कारखाने निघाले. गरीब कुटुंबे माळावर जाऊन तरवडाच्या फांद्या तोडीत, ओल्यापणी ठेचून साल सोडवीत, वाळवीत आणि गाडीभर साल कारखान्याला विकीत. बुंधा जमिनीत राही, त्याला पुन्हा फूट येई, आणि दोन-तीन वर्षांनी तेच झुडूप पुन्हा तोडायला येई. अर्धवट कमावलेली ही कातडी जहाजाने लंडनच्या बाजारात जात. तिथे त्यांना मागणी होती.

पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१८ या काळात, ब्रिटिश फौजेला बुटांची निकड लागली. मद्रासकडची तरवडाने कमावलेली गाईची कातडी बुटाच्या वरच्या भागासाठी चांगली ठरली. तेव्हा सरकारने हा व्यापार आपल्या ताब्यात घेऊन माल फौजेकडे वळवला. विचार करा, फ्रान्सच्या चिखलात उभ्या असलेल्या शिपायाच्या पायात आपल्या माळावरच्या झुडपाचा अर्क होता. त्या शिपायाला तरवड ठाऊक नव्हता, आणि साल सोलणाऱ्या बाईला फ्रान्स ठाऊक नव्हते.

गिऱ्हाईक गेले

मग हे झाड मागे कसे पडले? त्यात झाडाचा दोष काही नव्हता. त्याचे गिऱ्हाईक गेले. ते तीन वाटांनी गेले.

पहिली वाट रसायनाची. क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची रीत एकोणिसाव्या शतकात परदेशात निघाली. सालीला जिथे आठवडे लागत, तिथे हे काम थोड्या दिवसांत होऊ लागले. मद्रासेत १९०३ च्या सुमारास आल्फ्रेड चॅटर्टन या अधिकाऱ्याने तिचे प्रयोग सुरू केले. तुम्हाला ऐकून गंमत वाटेल, त्या प्रयोगांमागे एक मोठा हेतू विहिरीच्या मोटेसाठी जास्त टिकाऊ कातडे मिळावे हा होता. मोटेच्या कातड्याचा प्रश्न त्या काळी एवढा महत्त्वाचा होता.

दुसरी वाट परदेशी सालीची. ऑस्ट्रेलियातली वॅटल नावाची बाभळीच्या जातीची झाडे दक्षिण आफ्रिकेत मोठ्या मळ्यांवर लावली गेली. त्या झाडाच्या सालीत तुरट द्रव्य तरवडापेक्षा जास्त, आणि मळ्यातला माल एकसारखा. ती साल जहाजाने मद्रासला येऊ लागली. माळावरून गोळा केलेली तरवडाची साल त्या स्पर्धेत टिकली नाही. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मद्रासेत केंद्रीय चर्म संशोधन संस्था सुरू झाली, तोवर तरवडाचे सोन्याचे दिवस सरत आले होते.

तिसरी वाट आपल्या विहिरीवरची. आधी पत्र्याच्या मोटा आल्या. मग ऑईल इंजिन आले. किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना पुण्यात १९४६ साली झाली, आणि पुढच्या काही दशकांत इंजिनाची टकटक खेड्यापाड्यांत ऐकू येऊ लागली. त्यामागून वीज आली, मोटार आली. १९७२ च्या दुष्काळात विहिरींचे तळ दिसू लागले, तेव्हा मोटेचे चाक बऱ्याच ठिकाणी नुसते टांगलेले उरले होते. मोट गेली तशी कातड्याची गरज गेली, आणि कातड्याबरोबर सालीची.

मोट गेली याचे दुःख करू नका. बैल आणि माणूस दोघांचा घाम त्यात जाई. पण मोटेबरोबर एक गोष्ट आपण उगाचच टाकून दिली. ती म्हणजे तरवडाविषयीची जाण. ज्या झुडपाला आजोबा 'साल' म्हणून ओळखत, त्याला नातू 'रान' म्हणू लागला. आणि माझ्यासारखा शिकलेला माणूस येऊन त्याला 'पेटवा' म्हणाला.

जे आणले ते आणि जे टाकले ते

कुंपणासाठी, शोभेसाठी आणि दुष्काळासाठी आपण झाडे बाहेरून पुष्कळ आणली. घाणेरी, जिला कोणी टणटणी म्हणतात, ती अमेरिका खंडातली. बागेत शोभेसाठी म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याला आली. आज डोंगर आणि गायराने तिने व्यापली आहेत, आणि तिचा पाला खाऊन जनावरे आजारी पडतात. वेडी बाभूळ आणली, ती नाले आणि गायरानात शिरली. बेशरम कुंपणाला लावली, ती ओढ्याच्या पाण्यात फोफावली. या प्रत्येक झाडाची शिफारस कोणीतरी चांगल्या हेतूनेच केली होती. म्हणून कुठलेही झाड लावा सांगताना आता मी दोनदा विचार करतो.

तरवडाचे तसे नाही. तो इथलाच, आपल्या मर्यादेत राहणारा. हजारो वर्षे या मुरमाड जमिनीत जगल्यामुळे त्याचे सोटमूळ खोल जाते आणि माती धरून ठेवते. शेळ्या-मेंढ्या, गुरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत. मराठवाड्यातल्या आणि माणदेशातल्या उजाड माळावर चैत्र-वैशाखात हिरवे काय दिसते ते बघा. चारदोन कडुनिंब आणि तरवड.

त्याच्या फुलांची एक गंमत सांगतो. या फुलात मध नसतो, नुसता पराग असतो. आणि तो परागही उघड्यावर नसतो, तर टोकाला बारीक भोक असलेल्या पुंकेसरांत बंद असतो. मोठा काळा भुंगा येतो, फुलाला कवटाळतो आणि अंग थरथरवून गुणगुण करतो. त्या थरथरण्याने भोकातून पराग बाहेर उडतो. सकाळी तरवडाजवळ उभे राहिलात तर हा आवाज कानांनी ऐकाल. हेच भुंगे आणि रानमाश्या मग तुमच्या परसातल्या वांग्या-टोमॅटोच्या फुलांवरही जातात, कारण त्या फुलांचा परागही असाच थरथरवून काढावा लागतो. पावसाळ्यात फिकट हिरव्या-पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या तरवडाचा थोडा पाला खातील. घाबरू नका आणि फवारणी करू नका. त्या आपल्या पिकावर येत नाहीत आणि झुडूप पुन्हा फुटते.

देवीची माळ

शास्त्र आणि व्यापार विसरला, तरी एका ठिकाणी तरवडाला मान राहिला. तो मान आमच्या आया-बहिणींनी राखला. नवरात्रात घटावर रोज एक माळ चढते. कुठे पहिली माळ विड्याच्या पानांची, पुढे कारळ्याची, तिळाच्या फुलांची, झेंडूची, आणि त्यांत तरवडाच्या पिवळ्याधमक फुलांची माळ असतेच. घाटावरच्या कित्येक गावांत तरवडाच्या माळेवाचून नवरात्र पुरे होत नाही. पाऊस सरता सरता, भाद्रपद-आश्विनात, हे झुडूप भरभरून फुलते. त्या दिवसांत माळावर जे फुलते ते देवीला, असा हा साधा हिशेब आहे.

शेजारच्या तेलंगणातही असेच आहे. तिथे भाद्रपदाच्या अमावास्येपासून नऊ दिवस बतुकम्मा हा सण असतो. बायका फुलांचे थर रचून मनोरा करतात, त्यात तंगेडूची म्हणजे तरवडाची फुले लागतातच. आपल्या सोलापुरातल्या तेलुगू भाषक कुटुंबांतही बतुकम्मा मांडतात. २०१४ साली तेलंगण राज्य झाले आणि त्या राज्याने आपले राज्यफूल म्हणून तरवडाच्या फुलाची निवड केली. आपण ज्याला यंत्राने उपटतो, ते शेजारी राज्याचे मानाचे फूल आहे.

आता मात्र नवरात्रात शहराजवळच्या गावांतल्या बायकांना तरवडाची फुले शोधत लांब जावे लागते, नाही तर बाजारात पैसे टाकावे लागतात. माळ नांगरले, प्लॉट पडले, रस्ते रुंद झाले. म्हणून मी म्हणतो, माळ उरला नसेल तर तरवडाला परसात आणा.

परसात तरवड कसा लावावा

१. ओळख नीट करा. तरवड हे कमरेपासून पुरुषभर उंचीचे, बारमाही झुडूप आहे. फुले पिवळी, शेंगा चपट्या, पातळ, तपकिरी, बोटभर लांब. देठाशी कानासारखी पाने हवीतच. पावसाळ्यात येणारा टाकळा म्हणजे तरोटा वेगळा. तो वर्षायू आहे आणि त्याची भाजी करतात. तरवडाची भाजी करू नये.

२. बी धरा. माघ-फाल्गुनात वाळलेल्या शेंगा जमा करा. एकाच झुडपाच्या सगळ्या शेंगा ओरबाडू नका. आठ-दहा झुडपांवरून थोड्या थोड्या घ्या. किडके, भोके पडलेले बी बाजूला काढा.

३. बियांना गरम पाणी द्या. या बियांचे कवच कठीण असते, तसेच पेरले तर उगवण रखडते. पाणी उकळून चुलीवरून खाली उतरवा, थोडे निवू द्या, त्यात बी टाका आणि रात्रभर ठेवा. सकाळी फुगलेले बी लगेच पेरा. न फुगलेल्यांना पुन्हा तसेच पाणी द्या. विस्तवावर बी उकळू मात्र नका.

४. जागा उन्हाची निवडा. मुरमाड, खडकाळ, थोडी चोपण, कशीही जमीन चालेल. दोन गोष्टी चालत नाहीत, सावली आणि साचलेले पाणी. न्हाणीच्या मोरीजवळच्या दलदलीत लावू नका.

५. शक्यतो जागेवरच बी टोका. पहिला चांगला पाऊस झाला की हातभर खड्डा घ्या, ओंजळभर शेणखत मातीत मिसळा, आणि दोन-तीन बिया बोटाच्या एका पेराइतक्या खोल टोका. उगवल्यावर जोमदार रोप एक ठेवा. पिशवीत रोप केले तर सोटमूळ पिशवीबाहेर पडण्याआधी लावा. माळावरून मोठे झुडूप उपटून आणू नका, ते बहुधा जगत नाही आणि माळावरचेही जाते.

६. अंतर. फुलझाड म्हणून सुटे लावायचे तर दीड मीटर. कुंपणाला दीड-दोन फूट, दोन ओळी एकाआड एक. बांधावर लावताना उताराच्या बाजूला एक ओळ पुरे.

७. पाणी. पहिल्या उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवसांनी तांब्याभर पाणी मिळाले तर बरे. भांडी विसळलेले चालेल. दुसऱ्या वर्षापासून वरचे पाणी लागत नाही. जास्त पाणी आणि खत दिले तर नुसता पाला वाढतो.

८. छाटणी. फुले नव्या फांद्यांच्या टोकाला येतात. म्हणून मे अखेर किंवा पहिल्या पावसाआधी तिसरा हिस्सा छाटा. आषाढानंतर कात्री लावू नका, नाही तर नवरात्रात फुले मिळणार नाहीत. छाटलेला पाला पेटवू नका. झाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून घाला, किंवा खताच्या खड्ड्यात टाका.

एक खुलासा करतो. तरवड शेंगा धरणारा आहे, म्हणून तो बाभूळ-हरभऱ्यासारखा हवेतला नत्र जमिनीत धरतो, असे कोणी सांगितले तर मानू नका. या गटातल्या झुडपांच्या मुळांवर तशा गाठी सहसा होत नाहीत. जमिनीला मिळते ते त्याच्या पाल्याचे खत. आणखी एक. मधुमेहावर तरवडाची फुले-पाने घेतात असे आपण ऐकतो. जुन्या वैद्यकात त्याचा उपयोग आहे खरा, पण डॉक्टरांचे औषध बंद करून स्वतःच्या मनाने काढे पिऊ नका.

शेवटी

त्या दादांच्या बांधाचे काय झाले ते सांगायचे राहिले. पुढच्या जून महिन्यात मी सुट्टी काढून गेलो. फुटलेला बांध त्यांनी घातला होता. आम्ही दोघांनी मिळून त्यावर तरवडाचे बी टोकले. आजी बाज टाकून बांधाशेजारी बसल्या होत्या आणि कुठे दाट, कुठे विरळ ते सांगत होत्या. पहिल्या वर्षी रोपे वितभर राहिली. दुसऱ्या वर्षी गुडघ्याला लागली. तिसऱ्या वर्षी नवरात्रात त्यांच्या घरची माळ त्याच बांधावरच्या फुलांची होती. वाहून गेलेली माती काही परत आली नाही. ती तयार व्हायला पिढ्या लागतात.

बंधू-भगिनींनो, माझे एवढेच सांगणे आहे. बांधावरचे कुठलेही झुडूप काढण्याआधी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला एकदा विचारा, "हे कशासाठी होतं?" उत्तर ऐकून मग काय ते ठरवा. आणि यंदा पहिला पाऊस पडला की, आपल्या अंगणात नाही तर परसात, तरवडाच्या चार बिया टोका. तीन वर्षांनी देवीला माळ घरची होईल.

बी मिळण्यास अडचण पडली तर कार्यक्रमाला कार्ड टाका, जवळच्या कोणत्या श्रोत्यांकडे बी आहे ते कळवू. राम राम.